थोरला स्क्रू

सन दोन हजार बावीस. डिसेंबरचा तिसरा आठवडा, मार्गशीर्ष सरत आलेला. पहाटे दव पडत होते आणि दुपारी ऊन चटका देत होते. त्या दिवसांत राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत एका रिक्षावाल्याने जुनी चेनसॉ विकत आणली. चेनसॉ म्हणजे झाड कापायचे मशीन. पेट्रोलवर चालते, साखळीला दाते असतात, आणि चालवणाऱ्याला अक्कल असावी लागते.

रिक्षावाल्याचे नाव जयवंत मांडवकर. वय छत्तीस. त्याला झाडे तोडायचा धंदा करायचा नव्हता. त्याला एक ऋण फेडायचे होते, आणि ते पैशाचे नव्हते.

त्याच वर्षी आषाढात त्याचा बाप गेला. नऊ दिवस पाऊस उघडला नव्हता. रीतीप्रमाणे वाडीतल्या प्रत्येक घरातून एकेक लाकूड आले, पण पिळले असते तर त्यातून पाणी निघाले असते. प्रेत अंगणात आणि माणसे आभाळाकडे बघत उभी. तेव्हा बाबल मेस्त्री उठले.

मेस्त्री जातीचे सुतार. वय शहात्तर, शाळा दुसरीपर्यंत, बायको मागेच गेलेली, मूलबाळ नाही. आपल्यामागे कोणाची पंचाईत नको म्हणून त्यांनी स्वतःच्या सरणासाठी आंब्याची बारा लाकडे पडवीमागे रचून ठेवली होती. आठ वर्षे ठेवली होती. वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीला ती खालची वर करत. ती बारा लाकडे दाखवून ते म्हणाले, "न्या. मी थांबतो."

बाप नीट गेला. जयवंताला गहिवरून आले, आणि तो स्मशानातच चार लोकांच्या देखत मोठ्याने म्हणाला, "मेस्त्री, आठ दिवसांत तुमची लाकडं दारात आणून टाकतो!"

मेस्त्री सरणाकडे बघत राहिले. आषाढात आठ दिवसांत लाकूड वाळवणारा माणूस त्यांनी तोवर पाहिला नव्हता.

त्या वाडीची रीत कडक होती. सरणाची उसनी लाकडे विकत आणून फेडायची नाहीत. आपल्या जमिनीतले झाड आपल्या हाताने तोडायचे, वाळवायचे आणि पुढच्या मिरगाआधी रचून द्यायचे. नाही दिली, तर बाप उसन्यावर गेला असे लोक म्हणतात, आणि नातवंडांची लग्ने होईपर्यंत म्हणतात.

आठ दिवस गेले. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. मेस्त्रींना खोकल्याची जुनी खोड होती. पूर्वी ते खोकले की कोणी मान वर करत नसे. आता ते खोकले की सगळी वाडी जयवंताकडे बघू लागली.

"सकाळपासून सहा वेळा खोकले," त्याची आई म्हणायची. "मी इथं चुलीपाशी बसून मोजते. तुला काही वाटतं का रे?"

जयवंताच्या परसात एक जुना आंबा होता. तीन वर्षे मोहर धरला नव्हता. बुंधा माणसाच्या कवेत न येणारा. जयवंताने कुऱ्हाड घेऊन अर्धा दिवस घाव घातले. आंब्याची साल निघाली आणि जयवंताच्या हातांचीही. दुसऱ्या दिवशी रिक्षाचे हँडल धरवेना. म्हणून त्याने मशीन आणले. विकणारा काजूचा बागायतदार म्हणाला होता, "पिस्टनची रिंग नवी टाकलीय. मी तीनदाच चालवलंय." जुनी वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाने ती तीनदाच वापरलेली असते.

जयवंताने कोणाला विचारले नाही. अकरा वर्षे त्याने जुनी टू-स्ट्रोक रिक्षा चालवली होती आणि अशा इंजिनांचे आपल्याला सगळे कळते अशी त्याची समजूत होती. रिक्षावाल्यांची विद्या एकच. पेट्रोलचा स्क्रू आवळायचा, तेल नावाला घालायचे, म्हणजे अ‍ॅव्हरेज बसतो. त्याने तेच केले. स्क्रू आवळला, दोरी ओढली आणि पूर्ण रेस दिली. मशीन असे किंचाळले की वाडीतली कुत्री डोंगराकडे पळाली ती तिन्हीसांजेला परतली.

दुकानदार तुळाजी दुकान सोडून बघायला आला. "जयवंता, विमान घेतलंस काय रे? उतरवणार कुठं?"

जयवंताची छाती फुगली. मशीन खांद्यावर टाकून तो मेस्त्रींकडे गेला. मेस्त्रींनी पन्नाशीनंतर एका लाकूडवाल्याकडे पंधरा वर्षे अशीच मशीने चालवली होती. झाड कोणत्या बाजूला पाडायचे, एवढेच त्याला त्यांना विचारायचे होते. पण आधी आवाज ऐकवायचा होता.

"ऐका मेस्त्री."

त्याने रेस दिली. मेस्त्रींनी डोळे मिटले.

"बंद कर."

"कसं वाटलं?"

"लग्नातल्या सनईसारखं."

जयवंत हसला.

"म्हणून बंद कर," मेस्त्री म्हणाले. "स्क्रूड्रायव्हर आण."

मशीनच्या कुशीला दोन बारीक स्क्रू होते. जयवंताने बोट ठेवून सांगितले, "हा एल, म्हणजे लो. हा एच, म्हणजे हाय."

"असेल. माझ्याकडे हा धाकटा आणि हा थोरला. तू थोरल्याचा गळा आवळलायस." असे म्हणून त्यांनी थोरला स्क्रू उलटा फिरवला. थोडाथोडका नव्हे, जवळजवळ पूर्ण फेरा. मग म्हणाले, "ओढ दोरी."

मशीन सुरू झाले. रेस दिली तर किंचाळेना. बर्र बर्र करत अडखळू लागले. मागून निळा धूर आला. एखादा भित्रा माणूस सभेत बोलायला उभा राहावा, तसे ते एक अक्षर धड बोलेना.

"आता ठीक," मेस्त्री म्हणाले.

"मेस्त्री, हे तोतरं झालं!"

"झालं."

"अहो, आधी कसं गात होतं!"

"तुला गाणं ऐकायचंय की लाकडं कापायचीत?"

"लाकडं."

"मग पेट्रोल दाखव."

जयवंताने बाटली दाखवली. मेस्त्रींनी ती उन्हात धरली. "तेल कुठं आहे?"

"घातलंय की. थोडं."

मेस्त्री घरात गेले आणि आपल्या खोकल्याच्या औषधाचे झाकण घेऊन आले. एक लिटर पेट्रोलला टू-टी तेलाची तीन झाकणे त्यांनी त्याच्यासमोर मोजून घातली.

"तीन? मेस्त्री, धूर होईल. अ‍ॅव्हरेज बसणार नाही."

"अ‍ॅव्हरेज रिक्षाचा बघतात. हे कुठं गावाला जायचंय?"

मग त्यांनी पांगाऱ्याचा एक ओंडका कापायला लावला. पांगाऱ्याचे लाकूड मऊ, मुळ्यासारखे. जयवंताने सरळ धरून कापले, पण चकती निघाली ती कलिंगडाच्या फोडीसारखी, एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ.

"साखळीला धार कोणी लावली?"

"मी. कानस मारली प्रत्येक दात्याला."

"उजव्या दात्यांना किती वेळा?"

"पाच-सहा वेळा."

"आणि डाव्या?"

जयवंताने साखळीकडे बघितले. डाव्या बाजूला हात अवघडतो, म्हणून त्याने तिकडे दोन-तीनदाच कानस फिरवली होती.

"पंगतीत एका ओळीला लाडू वाढले आणि दुसरीला मीठ," मेस्त्री म्हणाले. "बस खाली. प्रत्येक दात्याला तीन हात, एकाच दिशेने. मोठ्यानं मोजायचं."

छत्तीस वर्षांचा बाप्या माणूस भर दुपारी पडवीत बसून एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असे मोठ्याने मोजू लागला. रस्त्याने जाणारी माणसे थबकून बघू लागली. धार सरळ झाली तेव्हा मेस्त्रींनी शेवटचा हुकूम सोडला.

"रिंग नवी आहे म्हणतोस. तिला अजून घर सापडलेलं नाही. तीन टाक्या संपेपर्यंत पांगारा कापायचा. अर्ध्या रेसवर. थांबत थांबत. आंब्याला हात लावायचा नाही."

"तीन टाक्या पांगारा? मेस्त्री, तुमची लाकडं—"

"माझी आहेत. मला माहीत आहे."

याहून जास्त त्यांनी सांगितले नाही. जयवंतालाही विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून रोज रिक्षा लावून झाली की जयवंत परसात बसून पांगारा कापू लागला. मशीन अडखळायचे, थुंकायचे, धूर सोडायचे. आई दारात उभी राहून बघायची.

"पांगाऱ्यावर जळणार काय रे मेस्त्री? त्यानं भाकरीसुद्धा भाजत नाही."

तुळाजी तर रोज यायचा. "विमानाला दमा लागला वाटतं! आता वाडीत दोघे झाले. वरच्या अंगाला मेस्त्री खोकतात, खालच्या अंगाला मशीन."

जयवंत मान खाली घालून कापत राहिला. दोन टाक्या संपल्या. आणि पौष अर्धा सरला तेव्हा मेस्त्रींना ताप आला.

वाडी हादरली. माणसे मेस्त्रींच्या दाराशी जाऊन डोकावत, आणि परतताना जयवंताच्या परसात डोकावत. तुळाजी म्हणाला, "आज शंभरावर आहे म्हणे. उद्याचं कोणी सांगावं?" आई मोजायची थांबली. ती नुसतीच चुलीपाशी बसली, आणि बऱ्याच वेळाने हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांनी तुझ्या बापासाठी दिली. त्यांच्यासाठी कोण देणार?"

ते बोलणे जयवंताला लागले. तिसरी टाकी अजून संपायची होती. पण पांगाऱ्याचा त्याला आता वीट आला होता. त्याने इकडे तिकडे बघितले, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि थोरला स्क्रू पुन्हा आवळला. मशीन लगेच पहिल्यासारखे किंचाळले. त्याला बरे वाटले. तो सरळ आंब्यापाशी गेला.

पडायच्या बाजूला खाच पाडली. ती झकास पडली. भुसा कमरेइतका उडाला. मग मागल्या अंगाने त्याने पाते लाकडात घातले आणि पूर्ण रेस देऊन दाबले. वीतभर आत गेले असेल नसेल, तोच आवाज आणखी चढला, बारीक झाला आणि एकदम खाली आला. करपल्याचा वास सुटला. मशीन थांबले. दोरी ओढली, तर दोरी हलेना. तेवढ्यात आंब्याने आपले वजन मागे टाकले आणि पाते खाचेत घट्ट धरून ठेवले.

आंबा अर्धा कापलेला. मशीन त्याच्या दाढेत अडकलेले. आईने गोठ्यातली गाय सोडून लांब नेऊन बांधली आणि तिथूनच ओरडली, "वारा सुटायच्या आत जा त्यांच्याकडे!"

मेस्त्री घोंगडी पांघरून बसले होते. उशाशी तीन घरांतून आलेली पेज आणि कोणीतरी दिलेले लिंबाचे लोणचे होते. ताप दोन दिवसांपूर्वीच उतरला होता. पण पेज वेळेवर येत होती, म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते.

"मेस्त्री," जयवंत दारातच म्हणाला, "मशीन बसलं."

"थोरला?"

जयवंताने जमिनीकडे बघितले. "एक फेरा."

"एकच?"

"सव्वा."

मेस्त्री घोंगडीसकट उठले. कोपऱ्यातून लाकडी पाचर आणि घण घेतला, आणि आंब्यापाशी आले. आंब्याला हात लावून त्यांनी थोडा वेळ वर बघितले. मग खाचेत पाचर बसवली आणि जयवंताला घण मारायला लावला. चौथ्या घावाला आंबा केसभर पुढे सरकला आणि पाते सुटले.

मशीन त्यांनी सावलीत ठेवायला सांगितले. ते निवायला तासभर गेला. जयवंताला तो तास फार लांबला. मग त्यांनी प्लग काढून त्या भोकात तेलाचे चार थेंब सोडले. "हळू ओढ. ओढायचं नाही, विनवायचं."

जयवंताने विनवले. एकदा, दोनदा, सात वेळा. आठव्या वेळी आत काहीतरी कुरकुरले आणि दोरी आली.

"वाचलं," मेस्त्री म्हणाले. "तीन झाकणं तेल होतं म्हणून वाचलं. तुझ्या रिक्षाच्या मापानं असतं, तर आज मशीनलाच बारा लाकडं लागली असती."

जयवंताला हसावे की रडावे कळेना. मेस्त्रींनी प्लग बसवला, थोरला स्क्रू सैल केला, मशीन सुरू करायला लावले. ते पुन्हा अडखळू लागले. बर्र बर्र.

"आता लाकडाला लाव. दाबू नको. त्याला जाऊ दे."

जयवंताने पाते खाचेत नेले. दात्यांनी लाकूड धरले, आणि अडखळणे गेले. एकसारखा, भरदार स्वर लागला. किंचाळी नव्हती. जात्यावर पीठ पडावे तसा भुसा पडू लागला. जयवंताने दचकून पाते बाहेर काढले. हवेत येताच मशीन पुन्हा तोतरे झाले. त्याने आत घातले. पुन्हा स्वर लागला. असे त्याने तीनदा केले. मग मशीन बंद करून तो मेस्त्रींकडे बघत राहिला.

मेस्त्री बुंध्याशी बसले.

"हवेत गोड वाजतं ते मशीन उपाशी असतं. पोटात जे काही आहे ते सगळं ओरडण्यात जातं. लाकूड समोर आलं की द्यायला काही उरत नाही, मग ते स्वतःला जाळतं. अडखळतं, त्याच्या पोटात थोडं राखलेलं असतं. ते लाकडासाठी. म्हणून मशीन हवेत जोखू नये." ते थांबले, खोकले. "स्मशानात तू आठ दिवस म्हणालास. तो आवाज मी ऐकला होता. तेव्हाच कळलं, माणूस वाईट नाही, थोरला आवळलेला आहे."

जयवंताने मशीन खाली ठेवले. मग म्हणाला, "तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा तुझा बाप जळत होता रे. ती काय स्क्रू फिरवायची वेळ होती?"

जयवंताने डोळे पुसले. भुसा गेला असावा. मेस्त्री आंब्याकडे बघत म्हणाले, "आज पाडायला हवा. अर्धा कापलेला ठेवता येत नाही. ऊठ."

दिवस मावळायच्या आत आंबा पडला. गोठ्याच्या उलट अंगाला, जिथे मेस्त्रींनी काठी रोवली होती, त्या काठीवर. तुळाजी बघायला आला होता. "काय जयवंता, मग कधी देणार लाकडं? आठ दिवसांत?"

जयवंताने तोंड उघडले आणि मिटले.

"बघू," तो म्हणाला. "वाळू देत आधी."

मेस्त्रींनी घोंगडी सावरली आणि घरची वाट धरली. त्यांचा ताप उतरल्याचे आता सगळ्या वाडीने पाहिले होते. दुसऱ्या दिवसापासून पेज बंद झाली, आणि त्याबद्दल ते जयवंताला महिनाभर बोलत होते.

जयवंताने ओंडके कापले, फोडले आणि परसात एकावर एक न ठेवता अंतर सोडून मांडले. माघ, फाल्गुन, चैत्र गेला. दर रविवारी तो ती लाकडे फिरवत असे. कोणी विचारले तर अजून ओली आहेत म्हणत असे. तुळाजीने विचारायचे सोडून दिले. आईने मात्र एकदा एक लाकूड उचलून बघितले, परत होते तसे ठेवले आणि आत जाऊन चहा टाकला.

वैशाख संपायला चार दिवस असताना जयवंताने लाकडे रिक्षात घातली आणि मेस्त्रींच्या पडवीमागे नेली. पाच खेपा झाल्या. मेस्त्री पाटावर बसले होते. रचण्याआधी प्रत्येक लाकूड त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. अकरा खणखणीत वाजली. एक बद्द वाजले. ते त्यांनी बाजूला सारले.

जयवंत रिक्षा वळवून घरी गेला. त्याने चौदा कापली होती. एक घेऊन आला. मेस्त्रींनी ठोकले. वाजले.

त्याने ते रचले. बारा झाली.